कर्नलसाहेबांची सरहद्द आणि माझं कटिंगचं टेबल

फळीवर उभी केलेली पितळी ताटं एकमेकांना हलकेच लागून किणकिणायची. लहानपणी तो आवाज मी पुष्कळ ऐकला. कुणी हात लावलेला नसायचा, वाराही नसायचा. लांब माळावर रणगाड्यांचा सराव चालायचा. तिकडे गोळा सुटला की इकडे भिंगारच्या आमच्या घरात ताटं वाजायची. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "सराव हाय बाबा, लढाई न्हाई."

लष्कराबद्दलचं माझं शिक्षण एवढंच. शाळा चौथीपर्यंत. पुढे वडिलांच्या मशीनवर बसलो, तो अजून बसलोच आहे. नगरच्या लष्करी भागाला लागून आमचं टेलरिंगचं दुकान आहे. जवानांच्या वर्दीचं फिटिंग करायचं, नावाच्या पट्ट्या आणि फिती लावायच्या, हे आमचं काम. माझी बायको हौसा दाराशी बसून काजं-बटणं करते.

दिवसभर कापड कापलं की टेबलाखाली चिंध्या साठतात. मुद्दाम कुणी साठवत नाही, आपोआप साठतात. दुकानातल्या गप्पांचंही तसंच झालं. मी बोलायला सावकाश. माझं एक वाक्य पुरं होईपर्यंत दुसऱ्यांच्या दोन बातम्या सांगून होतात. त्यामुळे मी फार बोललो नाही, पण ऐकलं मात्र सगळं. आता गिऱ्हाइकं म्हणतात, "मास्तर, कर्नलसाहेबांचे किस्से लिहून काढा." तर लिहितो. सावकाशच लिहीन.

कर्नलसाहेब मूळचे मिरजगावकडचे. रिटायर झाल्यावर इथंच राहिले. टीव्हीवर त्यांच्या नावाखाली 'संरक्षण विश्लेषक' असं येतं. कुठला शेजारी देश काय करतोय, समुद्रात कुणाची जहाजं फिरतायत, डोंगरात कोण रस्ता बांधतोय, हे ते सांगतात. लोक ते ज्ञानासाठी ऐकतात. मी आणि हौसा एकाच कारणासाठी ऐकायचो. आमचा नातू सागर फौजेत आहे, आणि त्या काळात त्याची पोस्टिंग वर सरहद्दीवर होती. तो रांगत होता तेव्हाच त्याची आई गेली. हौसानंच त्याला वाढवला. त्याच्या पहिल्या वर्दीवर नावाची पट्टी मी लावली आणि बटणं हिनं.

त्यामुळे साहेब टीव्हीवर काहीही बोलत असले तरी आमच्या मनात एकच चालायचं: आमचं पोरगं घरी येणार ना?

साहेब रोज दुकानात यायचे, पण हौसानं त्यांना हे कधी विचारलं नाही. म्हणायची, "असलं इचारून त्यान्ला कोड्यात कशाला टाकायचं?"

*

साहेब पहिल्यांदा आले ते टीव्हीसाठी सूट शिवायला. कॅमेरा त्यांच्या घरीच असायचा, लॅपटॉपसमोर बसून बोलायचं. मी छाती घेतली, खांदा घेतला, बाही घेतली आणि टेप गळ्यात अडकवला.

साहेब म्हणाले, "पँटचं माप?"

बाकावर कुलकर्णी गुरुजी पेपर वाचत होते. गुरुजी म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर. आमच्या दुकानाचा पेपर आधी ते वाचतात, मग आम्ही. त्यांनी पेपर खाली केला. "साहेब, टीव्हीवर कमरेच्या वरचंच दिसतं. पँट कशाला शिवता? खाली पायजमा चालेल की!"

साहेब ताठ उभेच होते. म्हणाले, "गुरुजी, खाली पायजमा असला की माणूस वर काहीही बोलतो!"

पँट शिवली. कडक क्रीजची.

तेव्हापासून टीव्हीवर एखादा फार हातवारे करून ओरडायला लागला, की गुरुजी मान हलवतात. "पायजमा आहे बघा!"

*

बोलताना साहेबांच्या हाताला काहीतरी लागतं. दुकानात आले की माझा खडू उचलायचे.

शेजारी रफिकभाईंची चहाची टपरी आहे. त्यांच्या आणि आमच्या दुकानात फक्त एक पत्रा. एकदा चहा घेऊन आले आणि तिथंच उभे राहिले. "साहेब, ते वर डोंगरात भांडण कशाचं हो? तिथं गवतसुद्धा उगवत नाही म्हणतात."

साहेब रंगात आले. कटिंगच्या टेबलावर कापड पसरलेलं होतं, त्यावरच खडू चालायला लागला. "ही डोंगराची धार. ह्या अंगाला पाणी उतरलं तर जमीन आपली. त्या अंगाला उतरलं तर त्यांची. इथपर्यंत कुणाचं भांडण नाही. भांडण आहे ह्या वळणावर! नकाशात रेघ ओढणारा माणूस इथं कधी आलाच नव्हता. म्हणून आता आपले जवान इथं उभे, त्यांचे इथं."

आम्ही सगळे वाकून बघत होतो. खडूची रेघ एवढी सुंदर वळत गेली की खरोखर डोंगर दिसायला लागला. हौसासुद्धा सुई हातात धरून उठून आली आणि 'आपले जवान इथं' म्हटलेल्या जागेवर तिनं हलकेच बोट ठेवलं.

साहेब गेले. मी जेवून आलो, चष्मा पुसला, कात्री उचलली आणि रेघेवरून कापत गेलो. सगळा जन्म ह्याच कामात गेला. खडूची रेघ दिसली की हात मला विचारत नाही.

कापड होतं केडगावच्या एका नवरदेवाच्या वडिलांच्या सफारीचं! बरंच कापून झाल्यावर मला वाटलं, काखेच्या जागी हा घाट कुठून आला?

साहेबांना कळलं तसे ते लगबगीनं आले. कापलेला तुकडा उजेडाला धरून पाहिला. मला वाटलं, आता वाईट वाटून घेतील.

म्हणाले, "मास्तर, आयुष्यभर मी रेघा आखल्या. इतकी तंतोतंत पाळलेली ही पहिलीच!"

आणि तसेच घरी जाऊन त्यांनी पलटणीनं निरोपाला दिलेलं सुटाचं कापड आणलं. किती वर्षं जपून ठेवलेलं. मी नको नको म्हणत होतो. ते म्हणाले, "कपाटात पडून त्याची काय ड्यूटी होतेय?"

नवरदेवाचा बाप त्या सफारीत असा दिसला, की लग्नात दोघातिघांनी हार घेऊन आधी त्यालाच गाठलं!

*

साहेबांनी एकदा विचारलं, "मास्तर, तुम्ही शिलाई कापडाच्या अगदी काठावरून का मारत नाही?"

मी म्हटलं, "उसवते साहेब. दोन्ही बाजूंनी बोटभर कापड सोडायचं, मग टाका धरतो."

त्यांनी बोटानं ती सोडलेली कड मोजून पाहिली. संध्याकाळी टीव्ही लावला तर साहेब सांगत होते, "दोन फौजा अगदी काठाला काठ लावून उभ्या राहिल्या, की एखाद्याचा नुसता पाय घसरला तरी शिवण उसवते. दोन्हीकडून थोडं अंतर सोडावं लागतं. हे मला आमच्या टेलर मास्तरांनी समजावून सांगितलं."

हौसा माझ्याकडे बघतच राहिली. "तुमी? तुमी कवा एवढं बोलले?"

दुसऱ्या दिवशी दुकानात एक तरुण पत्रकार माईक घेऊन हजर! मी एका सुभेदारसाहेबांच्या पँटची घडी धरून खाली बसलो होतो आणि तोंडात सात-आठ टाचण्या होत्या.

"मास्तर, शेजारी राष्ट्रांच्या हालचालींकडे आपण कसं पाहता?"

मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. दुसरं काय करणार?

"परिस्थिती गंभीर आहे, असं समजायचं का?"

मी मान हलवली. म्हणजे, थांब बाबा, असं म्हणायचं होतं.

दुपारी गुरुजी मोबाईल घेऊन आले आणि मोठ्यानं वाचायला लागले, "'परिस्थिती गंभीर. नगरच्या जाणकारांनी अधिक भाष्य करणे टाळले.' मास्तर, जाणकार म्हणजे तुम्ही!"

मी म्हटलं, "भाष्य केलं असतं तर टाचण्या गिळल्या असत्या!"

साहेब मागेच उभे होते. त्यांना हसू आवरेना. "मास्तर, चर्चा सुरू होण्याआधी सगळ्या पॅनेलला टाचण्या वाटायला पाहिजेत!"

*

साहेबांचं एक म्हणणं होतं. सरहद्द फक्त सरहद्दीवर नसते. लांबच्या समुद्रात एक चिंचोळी वाट अडली, तर आपल्या गल्लीतलं सिलिंडर अडतं. "सगळ्याचा सगळ्याशी संबंध असतो," असं ते पुन्हा पुन्हा सांगायचे. रफिकभाईंना ते फार पटलं.

चार दिवसांनी टपरीवर पाटी लागली: 'आंतरराष्ट्रीय परिस्थितीमुळे आल्याचा चहा बंद.'

साहेब पाटीसमोर उभे राहिले. "रफिकभाई, तणाव आखातात आहे. आलं आपल्या नगरच्या बाजारात आहे. संबंध काय?"

"साहेब, तुम्हीच म्हणता ना, सगळ्याचा सगळ्याशी संबंध असतो!"

साहेबांनी गुपचूप बिनआल्याचा चहा घेतला. गुरुजी हळूच म्हणाले, "आलं किसायचा कंटाळा, दुसरं काही नाही."

*

अकोले तालुक्यात डोंगरातल्या एका गावानं साहेबांना भाषणाला बोलावलं. मला म्हणाले, "मास्तर, चला. तुम्हालाही हवापालट." बसनं गेलो, पुढे जीपनं. भाताची खाचरं, आणि आमच्या नगरात कधी बघायला न मिळणारी हिरवळ.

शाळेच्या व्हरांड्यात फळ्यावर सुंदर अक्षरात विषय लिहिला होता: 'भारतापुढील सामरिक आव्हाने'. सरपंचांनी ओळख करून दिली, "साहेबांनी आयुष्यभर देशाचं रक्षण केलं, आता ते टीव्हीचं करतात." टाळ्या पडल्या!

साहेब कागद बघून बोलले. ड्रोन आले, त्यामुळे आता शत्रूला उंबरठा ओलांडावा लागत नाही, वगैरे. लोकांनी शांतपणे ऐकलं. मग प्रश्न विचारा म्हटल्यावर कुणी उठेना. शेवटी मागच्या बाजूनं एक म्हातारी उठली. डोक्यावरचा पदर नीट केला.

"सायेब, तिकडं पोरान्ला भात भेटतो का?"

काही लोक हसले. सरपंचांनी तिला हातानं बसायची खूण केली.

साहेबांनी सरपंचांना थांबवलं. कागद घडी करून खिशात टाकले, आणि व्हरांड्याच्या पायरीवर खाली येऊन बसले. "भेटतो मावशी. पण तिथं उंचावर भात लवकर शिजत नाही. कुकर लावावा लागतो. तरी कधी कधी कच्चट राहतो."

"मग हो?"

"मग पोरं तसाच खातात आणि म्हणतात, घरच्यासारखा नाही."

मग बाया पुढे सरकल्या. पायात किती मोजे घालतात, अंघोळ कशी करतात, आजारी पडला तर खाली कसा आणतात, रडू आलं तर काय करतात. साहेब एकेकीला उत्तर देत होते. फळ्यावरचा विषय फळ्यावरच राहिला. निघताना त्या म्हातारीनं तांदळाची पिशवी बळंबळं त्यांच्या हातात दिली.

परतीच्या बसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन साहेब खिडकीतून बाहेर बघत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मास्तर, इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा मला उत्तर येणारे प्रश्न विचारले कुणीतरी!"

तो तांदूळ त्यांनी अर्धा आमच्या घरी दिला. हौसानं भात केला आणि तो कुकरमध्ये चांगला मऊ शिजू दिला. ताट वाढताना तिनं एक शीत बोटांत दाबून बघितलं.

*

आमचे गुरुजी स्वभावानं गरम. पेपरात सरहद्दीची बातमी आली की पेपर बाकावर आपटायचे. "एकदाच काय ते होऊन जाऊ दे! कायमचा सोक्षमोक्ष!"

साहेब एकदा शांतपणे म्हणाले, "गुरुजी, तुमचा नातू काय करतो?"

"बंगलोरला असतो. कॉम्प्युटरमध्ये."

"छान. मास्तरांचा नातू वर असतो. तेव्हा होऊन जाऊ द्यायचं का नाही, ते आपण वहिनींना विचारून ठरवू या."

हौसा दाराशी काज करत होती. तिनं मान वर केली नाही. गुरुजींचा चेहरा उतरला. साहेब पुढे म्हणाले, "मी लढाईला भ्यालो नाही कधी. ताकद पाहिजेच, भरपूर पाहिजे. पण आपण इथं ओरडतो ना, तो आवाज शत्रूपर्यंत पोचत नाही. जवानाच्या घरापर्यंत पोचतो."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी पेपर उघडला, सवयीनं आपटला आणि गरजले, "एकदाच काय ते होऊन जाऊ दे!" तेवढ्यात त्यांची नजर हौसाकडे गेली. लगेच रफिकभाईंकडे वळून म्हणाले, "चहा! चहा होऊन जाऊ दे एकदाच!"

हौसा त्या दिवशी किती तरी वेळ पदर तोंडाला लावून हसत होती. माझ्या मनात गुरुजींविषयी तेव्हापासून फार माया आहे.

*

टीव्हीवाल्यांना मात्र साहेबांचा वैताग यायचा. कारण साहेब मधेच 'मला माहीत नाही' म्हणायचे.

एकदा चौकटीत सहा माणसं होती आणि सहाही एकदम बोलत होती. साहेब गप्प. अँकर ओरडली, "कर्नलसाहेब, हो की नाही सांगा! युद्ध होणार की नाही?"

साहेब म्हणाले, "मला माहीत नाही."

"तुमचा अंदाज?"

"अंदाज हवामानाचा सांगतात. इथं दोन्हीकडे माणसं आहेत. काय घडलंय ते मी सांगू शकतो. काय घडू शकतं तेही सांगतो. काय घडणार, ते मला माहीत नाही. आणि माहीत आहे असं जो म्हणतो, त्यालाही माहीत नाही."

चौकट गेली. जाहिरात लागली. जाहिरात संपली तेव्हा चौकटीत पाच माणसं होती!

गुरुजी दुसऱ्या दिवशी म्हणाले, "अहो साहेब, 'माहीत नाही' म्हणायला कुणी टीव्हीवर बोलावतं का? ते तर आम्हीही म्हणू शकतो."

साहेब म्हणाले, "म्हणून बघा. फार जड जातं."

हौसाला मात्र साहेबांचं तेच आवडायचं. म्हणायची, "ह्यो मानूस खोटं न्हाई बोलायचा."

*

मध्यंतरी सरहद्दीवरचं वातावरण फार तापलं. टीव्हीवर सारखा लाल रंग. सागरचा फोन बंद झाला. तो तसा होणार हे आम्हाला माहीत होतं, त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. "फोन लागला नाही तर घाबरू नका." पण सांगून ठेवलं म्हणून माणूस घाबरायचा राहतो का?

हौसाचं जेवण सुटलं. दाराशी बसायची, काम करायची. बटणं लावायची, पण एकाच बटणाला इतका दोरा गुंडाळायची, की काजातून ते निघेना. मी रात्री ती उसवून पुन्हा लावायचो. रफिकभाई येता-जाता म्हणायचे, "भाभी, चहा तरी घ्या." ती घेत नव्हती. गुरुजींनी पेपर दुकानात आणणंच बंद केलं. बाहेर वाचून यायचे आणि आम्हाला महापालिकेच्या पाण्याची बातमी सांगायचे.

साहेबांना सगळ्या चॅनेलांनी पुन्हा बोलावणं सुरू केलं होतं. एका दुपारी ते कोटाची बाही सैल करून घ्यायला आले. हौसा उठली. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"सायेब, आमचं सागर घरी येईल का वो?"

दुकानात मशीनचा आवाज होता, तो मी पाय उचलून बंद केला. गुरुजी खाली बघायला लागले. मला वाटलं, आता साहेब ते तीन शब्द म्हणणार. दुसरं काही म्हणायची त्यांना सवयच नव्हती. मनातल्या मनात मी म्हणत होतो, साहेब, नका म्हणू. आज नका म्हणू.

साहेबांनी हात सरळ खाली घेतले. वरिष्ठांपुढे उभं राहावं तसे उभे राहिले.

"वहिनी, काही होणार नाही. पोरगं घरी येईल."

हौसानं मान डोलावली आणि आत गेली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कोट तसाच टेबलावर ठेवून निघून गेले.

संध्याकाळी हौसानं भाकरी केल्या. मला वाढल्या, आणि स्वतःही ताट घेऊन बसली. मी टीव्ही लावला नसता, पण तिनंच लावला. साहेब जुन्याच कोटात बसले होते. अँकरनं विचारलं, "पुढच्या काही दिवसांत काय होणार?"

साहेबांनी कोटाची बाही खाली ओढली. मग म्हणाले, "मला माहीत नाही."

मी रिमोटकडे हात नेला. हौसानं माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या."

तिनं कार्यक्रम शेवटपर्यंत बघितला. ताटातली भाकरीसुद्धा संपवली. मग उठून दोघांची ताटं घासून फळीवर लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब येतील की नाही, ह्याची मला खात्री नव्हती. आले. टोपी हातात घेऊन पायरीवरच थांबले. आत यावं की येऊ नये, असं त्यांचं चाललं होतं. हौसानं काल रात्रीचं काही काढलं नाही. त्यांच्याकडे बघून साधेपणानं म्हणाली, "सायेब, आजबी सांगा की."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. ती त्यांच्याकडे. मग साहेबांनी टाचा जुळवल्या.

"वहिनी, काही होणार नाही. पोरगं घरी येईल."

"बरं," हौसा म्हणाली आणि तिनं सुईत दोरा ओवला.

मग तो नेमच झाला. साहेब रोज सकाळी यायचे, पायरीवर उभे राहून तेवढं म्हणायचे, हौसा 'बरं' म्हणायची, आणि मग दुकान सुरू व्हायचं. संध्याकाळी टीव्हीवर साहेब म्हणायचे, मला माहीत नाही. सकाळी पुन्हा पायरीवर. रफिकभाई चहा घेऊन आलेले असले तर तेवढा वेळ कप वाजू द्यायचे नाहीत. गुरुजी उभे राहायचे. एकदा साहेबांना ताप होता. गळ्याला मफलर गुंडाळून आले, तेवढं बोलले आणि परत गेले.

अशा माणसाचे उपकार कसे फेडायचे, हे मला कुणी शिकवलं नाही. मी त्यांच्या कोटाच्या बाह्या सैल केल्या, कॉलर बदलली, आतलं अस्तर नवं घातलं. मला तेवढंच येतं.

हळूहळू टीव्हीवरचा लाल रंग कमी झाला. दुसऱ्याच बातम्या यायला लागल्या. पण सागरचा फोन काही आला नाही, म्हणून नेम चालूच राहिला.

एका सकाळी मी शटर अर्धं वर केलं आणि मागून कुणीतरी ते सरकन पूर्ण वर केलं. मी वळलो. सागर! खांद्यावर बॅग, अंगानं वाळलेला, ओठ फुटलेले. रेल्वेनं येऊन स्टेशनवरून चालत आला होता. हौसानं आधी त्याचे गाल चाचपले, मग दंड, मग बोटं एकेक करून बघितली. रडली वगैरे नाही. "आंगावर काय ऱ्हायलंच न्हाई रं," म्हणत पोळ्या करायला दुकानामागच्या घरात पळाली. सागर तिच्या जागेवर दाराशी बसला आणि तिचं अर्धं राहिलेलं बटण लावायला लागला. लहानपणीही असाच बसायचा.

गुरुजी आले आणि बाकाशी उभेच राहिले. रफिकभाई चहाची किटली तशीच धरून उभे.

तेवढ्यात रस्त्यावरून साहेब येताना दिसले. नेहमीच्या चालीनं आले, खाली बघतच पायरी चढले, टोपी काढून हातात घेतली, टाचा जुळवल्या.

"वहिनी, काही होणार..."

वर बघितलं. हौसाच्या जागेवर सागर होता.

सागर सुई-दोऱ्यासकट ताडकन उभा राहिला आणि त्यानं सॅल्यूट केला. हौसा पिठाचे हात घेऊन दारात आली होती. साहेबांनी सागरला पायांपासून डोक्यापर्यंत एकदा नीट पाहिलं. मग हौसाकडे पाहिलं.

"सांगा की सायेब," हौसा म्हणाली.

साहेबांनी टोपी डोक्यावर ठेवली. सागरच्या सॅल्यूटला हात उचलला, तो कपाळाशी जरा जास्तच वेळ राहिला. मग ते वळले, पायरी उतरले आणि आल्या रस्त्यानं चालायला लागले.